विषय क्रमांक सहा

दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता
आगीच्या बंबाशेजारच्या खोलीत
हॅडन्स क्रीक गावची सभा भरते.
पाच सभासद, एक महापौर,
कॉफीचा मोठा थर्मास,
आणि कोपऱ्यात मी, इतिवृत्त लिहिणारी.

गणपूर्ती झाली. झेंड्याला वंदन झालं.
मागचं इतिवृत्त सर्वांनी वाचलं आहे
असं समजण्यात आलं.

सांडपाण्याचा पंप, पुन्हा तोच.
रस्त्यावर टाकायचं मीठ, टनामागे सहा डॉलरनी महाग.
मग घरामागे कोंबड्या किती पाळाव्यात,
यावर चाळीस मिनिटं.
कोंबडा नको, यावर एकमत,
डेल ऑस्टरहाउट सोडून.
डेलचा विरोध मी आधीच टाइप करून ठेवते.
ओहायोत राहून मी शिकले त्यातली ही एक काटकसर.

विषय सहा : उद्घोषणा.
नोव्हेंबर हा स्मृतिभ्रंश जागृतीचा महिना.
मसुदा राजधानीहून येतो,
गावाच्या नावापुरती जागा कोरी सोडून.
ती मी भरते.
लोरेन पिट्झर चष्मा लावून वाचतात,
व्हेअरॅज, व्हेअरॅज,
आणि माझ्या कानात आपसूक
ज्याअर्थी, ज्याअर्थी.
वडील कोपरगावच्या नगरपालिकेत टंकलेखक होते.
जेवतानाही म्हणायचे,
ज्याअर्थी आमटीत मीठ नाही, त्याअर्थी
आज कोणीतरी रागावलेलं आहे.

फ्रेम घ्यायला लोवेल स्ट्रिकलर उठले.
एकतीस वर्षं गावचा बर्फ यांनी ओढला.
कोपराला धरून आर्व्हिला,
कोटाच्या खिशातून डोकावणारे कामाचे हातमोजे.
फोटोसाठी सगळे सरकले, तेव्हा त्यांनी विचारलं,
"हॉलो रोडच्या पुलावर मीठ टाकलं का?"

बाहेर बर्फाचा मागमूस नव्हता.
मेपलची पानंसुद्धा पुरती गळाली नव्हती.
"टाकलं, लोवेल," लोरेन म्हणाल्या.
"पूल आधी गोठतो. रस्त्याच्या आधी."
"हो. लक्षात आहे."
टाळ्या. फोटो.

विषय सात, नाताळच्या माळांचं वीजबिल,
अर्ध्यावर आलं होतं.
"हॉलो रोडच्या पुलावर मीठ टाकलं का?"
"टाकलं, लोवेल."
अगदी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.
आर्व्हिलाने मांडीवरची फ्रेम पालथी केली.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा
कोणी काही बोललं नाही.
थर्मासमधून थेंब पडत होते, ते ऐकू आले.
मग डेल उठला.
मी मनात म्हटलं, झालं.
त्याने खुर्चीवरचं जॅकेट ओढलं आणि म्हणाला,
"यांच्या शब्दावर माझा कधीच विश्वास नव्हता, लोवेल.
चल, आपण स्वतः बघून येऊ."

ट्रकचे दिवे खिडकीवरून सरकत गेले.
चौघांत गणपूर्ती होत होती,
त्यामुळे सभा चालू राहिली.
माळांचं बिल मंजूर.
आर्व्हिलाने कॉफी घेतली, प्यायली नाही.

नऊच्या सुमारास दोघं परतले.
डेलच्या बाहीला पांढरं लागलेलं,
लोवेलच्या हातमोज्यांनाही.
"आता ठीक आहे," लोवेल म्हणाले,
आणि बसून त्यांनी एकेक बोट सोडवत मोजे काढले.

आता मध्यरात्र होत आलीय.
नियम असा की काय ठरलं ते लिहावं,
कोण काय बोललं ते नाही.
एकच प्रश्न तीनदा. उत्तर दोनदा. ठराव शून्य.
विषय सातपुढे आधीच टाइप केलेला
डेलचा विरोध मी खोडते.
लिहिते : सभासद ऑस्टरहाउट
आठ वाजून बारा मिनिटांनी गावाच्या कामासाठी बाहेर गेले.
परतल्यावर अहवाल : पुलावर मीठ आहे.
अनुमोदन, श्री. स्ट्रिकलर.

सभासद नसलेल्याला अनुमोदन देता येत नाही,
हे मला ठाऊक आहे.
पण हरकत घेणारा गावात एकच माणूस,
आणि तो त्या ट्रकमध्ये होता.